देवापुढचा पहिला नग

सिडको, नाशिक
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

तेजू,

आधी आली ती शेजारची नवसाबाई, आणि ती आली म्हणजे अर्धा तास गेलाच म्हणून समज. समोरच्या बिल्डिंगीतल्या पोरीचं लग्न मोडलं, पोरगा पुण्याचा, त्याला म्हणे आधीचीच एक होती, हे सगळं ती दारात उभी राहून चपला न काढता सांगत होती. मी म्हटलं, "बाई, आत तरी ये, माझं दूध उतू चाललंय." तेवढ्यात तिच्या पाठीमागे एक पांढरी गाडी थांबली. सरकारी पाटीची. नवसाबाईने त्या पोरीची गोष्ट तिथेच सोडली आणि पदर डोक्यावर घेतला, जसं काय हिलाच बघायला आलेत.

दोघं उतरले. एक बाई, चाळिशीच्या आतली, साधी सुती साडी, गळ्यात ओळखपत्र. गावित मॅडम, पेठकडच्या. कारखान्यांच्या तपासणीच्या अधिकारी. दुसरे भाऊसाहेब, त्यांच्या काखेत फायलींची पिशवी. मॅडम म्हणाल्या, "आजी, अंबडचा गाळा बंद दिसला. कागदावर पत्ता हा आहे. रविराज आहेत का?" मी म्हटलं, तो माल घेऊन चाकणला गेलाय, नातसून वेदिका माहेरी, घरात मी एकटी, पण तुम्ही बसा.

तुला खरं सांगू का, मला लय आनंद झाला. या घरात बाहेरचं माणूस येऊन किती दिवस झाले. तू गेल्यापासून तर दारावरची बेल वाजते ती फक्त गॅसवाल्याची. मी पोहे टाकायला निघाले तर मॅडम म्हणाल्या, ड्युटीवर आम्ही काही घेत नाही. मी म्हटलं, पोहे नका घेऊ, काल त्रिपुरी पौर्णिमा झाली, प्रसादाला तरी नाही म्हणू नका. तिला घेऊन गेले देवघराशी, आणि शिरा वाटीत काढते तोवर ती खाली बसलीच. म्हणाली, "आजी, हे काय मांडलंय?"

माझा तर ऊर भरून आला. तुला सांगते, या घरात आजवर ते कोणी विचारलं नव्हतं. वेदिका पुसताना नुसती बाजूला सारते. मी सगळं सांगितलं. म्हटलं, आमचे मालक, कारभारी त्यांचं नाव, विंचूरला कांदा लावायचे, पण कांदा निघाला की पहिली पाटी देवापुढे, मग मार्केटात. त्यांनी कधी ती रीत मोडली नाही. नातवाने शेती सोडून प्रिंटरचा कारखाना टाकला, स्टीलची पावडर थरावर थर बसवून आतल्या लेझरने वितळवतो आणि मशीनचे भाग करतो, तेव्हा मी त्याला सांगितलं, तुझा कांदा लोखंडाचा असू दे, पहिला नग घरी आला पाहिजे. पोरगं गुणी. दर लॉटचा एक आणतो. हे बघा, अकरा झाले. बोटाएवढे, दोन्ही टोकांना जाड, मध्ये बारीक, प्रत्येकावर नंबर.

मॅडमने भाऊसाहेबांना हाक मारली. ते फाईल घेऊन मांडी घालून बसले. ती नंबर वाचायची आणि ते कागदावर खूण करायचे, शाळेत हजेरी घेतात तसं. अकराच्या अकरा हजर! मी म्हटलं, बघा, आमच्या रवीचं काम कसं चोख आहे. भाऊसाहेब म्हणाले, "हो आजी, चोख आहे." फोटो काढू का विचारलं, तर मी म्हटलं, थांबा, फुलं वाहते. झेंडूची दोन फुलं वाहिली, मग काढले.

"हे कधी इथून हलवले होते का?"

"छे हो. देवापुढची वस्तू हलवतात होय?"

"बरं केलंत," मॅडम म्हणाल्या. "आता कोणीही मागितलं तरी देऊ नका. घरातली वस्तू न्यायची तर आम्हाला वेगळा हुकूम लागतो. तो घेऊन परत येऊ. दिवस फोनवर कळवते." कॅलेंडरवर नंबर लिहून दिला आणि जाताना माझ्या पाया पडली. पोरगी चांगल्या घरची आहे.

तू म्हणायचीस दादाचं काम कच्चं आहे. बघ आता, सरकार घरी येऊन फोटो काढून गेलं. गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला जे झालं ते झालं, तुझंही थोडं चुकलंच. पण बहीण ती बहीण. फोन तू घेत नाहीस, आणि मी लावला तर वेदिका बाजूला उभी राहून ऐकते, म्हणून हे लिहिलं. तिसरीपर्यंतच्या शाळेचं अक्षर, चालवून घे. नवसाबाई पोस्टात टाकेल. कोईमतूरला थंडी नसते म्हणतात, खरं का?

तुझी आजी


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

तेजू,

कालचं पत्र नवसाबाईने टाकलं. नसतं टाकलं तर फाडलं असतं.

रवी दुपारी आला. मी ताट वाढलं, मेथीची भाजी, त्याच्या आवडीचा ठेचा, आणि भाकरी मोडायच्या आत सगळं सांगून मोकळी झाले, गाडी, मॅडम, फुलं, फोटो. त्याने हात ताटातून काढला. धुतलासुद्धा नाही.

"कोणी आत घेतलं त्यांना?"

"अरे, पाहुणे दारात आले..."

"पाहुणे नव्हते ते, आजी!" आणि असा ओरडला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मग माझ्याजवळ येऊन बसला, लहानपणी शाळेतून मार खाऊन आल्यावर बसायचा तसा. म्हणाला, "ते तुकडे मोडायचे असतात."

मग त्याने मला समजावलं. तेच, जे तू मला उभी राहून सांगत होतीस आणि मी ऐकत नव्हते. मी माझ्या भाषेत लिहिते, बरोबर आहे का बघ. मशीनमध्ये माल होतो तेव्हा त्याच ताटात, त्याच पावडरीतून, मालाशेजारी हा तुकडा होतो. तो विकायचा नाही. प्रयोगशाळेत पाठवायचा, तिथे यंत्र त्याला दोन्ही टोकांना धरून ओढतं, तुटेपर्यंत. किती ओढीला तुटला त्यावरून मालाचा जोर कळतो. पावडर पुन्हा पुन्हा चाळून वापरली, ओल धरली, तर आत बारीक पोकळ राहतं आणि वरून काही दिसत नाही. म्हणून तुकडा तुटल्याचा दाखला आल्याशिवाय माल हलवायचा नाही, असा नियम.

पहिल्या लॉटचा तेवढा गेला म्हणे. पुढच्या अकरा लॉटना त्याचाच दाखला, नंबर बदलून. कागदावर अकराही तुटलेले. आणि माझ्या देवापुढे अकराही हळदीकुंकू लावून धडधाकट.

मी विचारलं, "का रे असं केलंस?"

"प्रयोगशाळेत दहा-दहा दिवस जातात. पार्टी थांबत नाही. आणि पावडर तीच, मशीन तेच, पहिला पास झाला होता ना. सगळेच करतात."

"मग माझ्याकडे का आणलेस?"

तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "गाळ्यात ठेवले असते तर तेजूने मोडायला नेले असते. फेकवेनात. तू पहिला नग मागत होतीस. मला वाटलं, तू खूश होशील."

मी खूश होते. तीन वर्षं मी खूश होते. माझी रीत त्याच्या उपयोगाला आली.

आता मी ते लिहिते जे काल लिहिलं नाही. भाऊबीजेला तू ओवाळून झाल्यावर देवघराशी आलीस. म्हणालीस, "आजी, मला फक्त एक दे. एकच. मी स्वतः जाऊन ओढून आणते, चांगला निघाला तर दादाची माफी मागते." हात पुढे केला होतास. आणि मी तुझ्या हातावर मारलं. उलथन्याने. देवापुढची वस्तू मोडायला मागते, अवदसा शिरली का घरात, असं म्हटलं. भावाचं बरं बघवत नाही, असंही म्हटलं. तू रडली नाहीस. हात चोळत सरळ बॅग भरलीस. मी लोकांना सांगितलं की तिला मोठी नोकरी लागली म्हणून गेली.

रवी आता काय म्हणतोय ते ऐक. म्हणतो, "आजी, देवाची वस्तू आहे, कोणाच्या हाती द्यायची नाही. उद्या सकाळी गंगेवर जाऊ, तुझ्या हाताने पाण्यात सोडू. मग त्या बाईंना सांग, पौर्णिमेनंतर विसर्जन केलं, आमच्यात तशी रीत आहे."

माझ्याच तोंडची वाक्यं शिकून आलाय. मी हो म्हटलंय, तेजू.

आजी


शनिवार, ८ नोव्हेंबर

तेजू,

तुझ्यापाशी दिनेशचं काही कोणी बोललं का? तुझ्या जुन्या मैत्रिणींनी कळवलं असेल. मी तर लिहिलंच नाही. श्रावण संपताना झालं ते, पोळ्याच्या आदल्या दिवशी.

दिनेश म्हणजे तोच, हरसूलचा, गाळ्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर असायचा. डबा न्यायला आला की ओट्याजवळ उभा राहून म्हणायचा, "आजी, आज तिखट कमी दिसतंय, तब्येत बरी नाय का?" त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. रवीने तेव्हा मला सांगितलं की त्याच्याच चुकीने गेली. प्रेसच्या पुढे जाळी असते. ती उघडली की वरचा ठोकळा जागच्या जागी अडकून राहिला पाहिजे, म्हणजे माणसाने निर्धास्त हात घालून दाबलेला नग काढून घ्यावा. ठोकळ्याला अडकवून धरते ती एक खिट्टी. दिनेशने म्हणे घाईत ती काढून ठेवली होती.

ती खिट्टी आपल्याच प्रिंटरवरची. आठव्या लॉटची. रवी काल ते बोलून गेला. दिनेशने काढली नव्हती, ती तुटली.

दवाखान्यातून सुटल्यावर रवी त्याला घरी घेऊन आला होता. टेबलावर कागद ठेवला, "खिट्टी मीच काढली होती" असा. दिनेश म्हणाला, "साहेब, मी नाय काढली." रवी म्हणाला, "अरे, हे नुसतं औषधपाण्याचं काम लवकर व्हावं म्हणून." उजव्या हाताला ही एवढी पट्टी. डाव्या हाताने सही करायला लागला तर कागद सरकायचा. एकदा सरकला, दुसऱ्यांदा सरकला. मग मी पुढे झाले आणि कागद दाबून धरला. कोणी सांगितलं नव्हतं मला. सवयीने धरला, लहान पोराची पाटी धरतात तसा. त्याने वर बघून "बरं झालं आजी" म्हटलं.

नंतर त्याची आई आली, कमळाबाई. नागलीचं पीठ घेऊन आली होती, पिशवी भरून. मी तिची ओटी भरली, साडी दिली आणि म्हटलं, देवाची मर्जी. ती म्हणाली, "तो आता नांगराची मूठ धरील का, हो?" मी म्हटलं, धरील. ते पीठ अजून डब्यात आहे. मला त्याची भाकरी करवत नाही आणि टाकवतही नाही.

तर आज सकाळी रवीने नवं लाल फडकं आणलं, नारळ आणला. मीच देवापुढून एक एक उचलून फडक्यात बांधले. गाडीत बसले, गाठोडं मांडीवर. पाथर्डी फाट्याशी आलो तेव्हा मी विचारलं, "या खिट्ट्या आणखी कुठे गेल्यात?"

"कशाला पाहिजे तुला?"

"नुसतं विचारते."

"गेल्यात. सातपूरला, अंबडला, दोन-तीन ठिकाणी."

"किती?"

"असतील चाळीस." मग म्हणाला, "बाकी कुठे काही झालं का, आजी? एकच तुटली. चाळिसात एक."

मी म्हटलं, गंगेवर नंतर जाऊ, आधी गाळ्यावर घे. त्याला वाटलं मला लघवीला जायचंय. घेतली गाडी.

गाळ्यात प्रेस चालू होता. दिनेशच्या जागी नवा माणूस आहे, नवनाथ नावाचा, लग्नाची हळद अजून नखांत. मी विचारलं, "बाळा, यातली खिट्टी कोणती?" त्याने दाखवली. चकचकीत. मी रवीला विचारलं, "ही कितव्या लॉटची?" नवनाथनेच वाकून नंबर वाचला. "नऊ हाय, आजी."

मी म्हटलं, "रवी, तुझा माल चांगला आहे ना? मग एक कर. जाळी उघड, आणि तुझा हात आत घालून उभा राहा. मी गंगेवर जाऊन हे सोडून येते, तोवर."

"आजी, वेडी झालीस का? चल."

"घाल ना. चाळिसात एकच तुटते."

"तुला यातलं काही कळत नाही."

"नाय कळत. म्हणून तर म्हणते, मला दाखव."

तो उभाच राहिला. दोन्ही हात पँटच्या खिशात. मी त्याला जेवू घालून वाढवलंय, शाळेसाठी विंचूर सोडून तुम्हा दोघांना घेऊन इथे खोलीत राहिले, त्याचं तोंड मला वाचता येतं. पण त्याचं तोंड वाचायची वेळच आली नाही. नवनाथने एकदा मालकाकडे बघितलं, एकदा खिट्टीकडे, आणि प्रेसचं बटण बंद केलं. हातमोजे काढून स्टुलावर ठेवले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.

मी रिक्षाने घरी आले. गाठोडं माझ्याजवळ आहे.

आजी


सोमवार, १० नोव्हेंबर

तेजू,

रवी दोन दिवस घरात जेवला नाही. वेदिका माहेराहून आली ती भरल्या डोळ्यांनीच. म्हणाली, "तुम्ही नातवाला तुरुंगात घालणार का?" मी काय सांगू? ती खोटं बोलत नाही. तसंच होईल कदाचित. काल रवी आला, दारातच पायांवर डोकं ठेवून बसला. म्हणाला, यापुढे प्रत्येक तुकडा मोडेन, नेम धरतो, तुझी शपथ घेतो. मी विचारलं, "आणि ते चाळीस?" तो म्हणाला, "ते परत मागवले तर मी संपलो, आजी." मी म्हटलं, "मग तू शपथ कशाची घेतोस?" उठून गेला. जाताना म्हणाला, "तेजूने शिकवलंय तुला." मला हसू आलं बघ. तू तर वर्षभर माझ्याशी बोलली नाहीस.

तुझ्या बापाचा विंचूरहून फोन आला. कांद्याच्या वखारीतूनच बोलत होता, मागे हमालांचा आरडाओरडा. "आई, घरातलं घरात मिटव." मी म्हटलं, दिनेशचा हात घरातला आहे का? त्याला ऐकू आलं नाही, की आलं, कोण जाणे. फोन ठेवला.

नवसाबाई मात्र रोज येते. तिला सगळं कळलंय, तिला कळलं म्हणजे सिडकोला कळलं. तिनेच कॅलेंडरवरचा नंबर लावून दिला मला. गावित मॅडमना मी सांगितलं, तुकडे आहेत. आणि एक कागद पण आहे, दिनेशच्या सहीचा, तो कसा झाला ते पण मला सांगायचंय, कारण तो दाबून मी धरला होता. त्या म्हणाल्या, "आजी, हे लिहून घ्यावं लागेल. तुमच्या नातवाविरुद्ध जाईल. तुमच्यावरही येऊ शकतं." मी म्हटलं, येऊ दे. माझं वय काय आता. त्यांनी सांगितलं की ते अकरा तुकडे प्रयोगशाळेत एक एक करून ओढतील, आणि ज्या ज्या लॉटचा तुकडा कमी भरेल, त्या लॉटच्या खिट्ट्या त्याच दिवशी उतरवायला लावतील. मी विचारलं, मोडताना आवाज होतो का? म्हणाल्या, होतो, मोठा होतो.

आज दुपारी मी ते ताम्हनात घेऊन धुतले. हळदीकुंकू सगळं काढलं, नंबर नीट दिसू देत म्हणून. घासताना त्यांच्याकडे बघत होते. किती गुळगुळीत. कुठे काही खोट दिसत नाही. तीन वर्षं रोज फुलं वाहिली, आणि आत काय आहे ते मला अजूनही माहीत नाही.

तू ये म्हणत नाही. म्हणायला मी तोंड ठेवलं नाही. आणि तसंही हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल, चार दिवस लागतात म्हणे. माफी मागायची तर तुझ्यासमोर उभं राहून मागायला हवी, कागदावर मागून सुटका नाही करून घेत. फक्त एवढं लिहिते की त्या दिवशी तू मागत होतीस तो एक तुकडा दिला असता, तर दिनेश आता मळणीला लागला असता.

गावित मॅडम उद्या येतायत, मंगळवारी, ११ तारखेला. साडेदहा म्हणाल्या, आणि सोबत साक्षीला दोन पंच असतील.

आजी